थंडीतली कामे आणि घरातली मुले

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. थंडीमुळे आईचे गुडघे धरल्यापासून घराचा भार तुझ्यावर आला आहे, नववीतला भाऊ आणि अकरावीतली बहीण मात्र गोधडीतून डोके बाहेर काढत नाहीत, आणि त्यांना उठवता उठवता तुझी सकाळ चिडचिडीत जाते, हे वाचून वाईट वाटले. निफाडची थंडी मी पुष्कळ वर्षे सोसली आहे. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात त्या दिवसांत पहाटे गार पाण्यात हात घालणे मोठ्यांनाही नको वाटते. शिवाय किशोरवयात झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात रात्री उशिरा वाढू लागते, त्या वयाला ८ ते १० तासांची झोप लागते, आणि जानेवारीत आपल्याकडे सूर्यच ७ वाजल्यानंतर उगवतो. तेव्हा पहाटेची कामे त्यांच्याकडे मागूच नकोस. उन्हाची आणि संध्याकाळची कामे माग.

काम देशील ते मात्र पूर्ण दे. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून ते थोडे थोडे दळून आणावे लागते. हे काम भावाकडे सोपवायचे तर डब्यात पीठ किती उरले ते पाहणे, बाजरी निवडणे, गिरणीत नेणे आणि पीठ निवल्यावर डब्यात भरणे, हे सारे त्याचेच असू दे. रोज तू आठवण करून दिलीस, तर काम तुझेच राहील आणि तो केवळ डबा वाहून नेईल. एखाद्या संध्याकाळी पीठ संपलेले आढळले, तर त्या दिवशी सर्वांनी भात खावा, पण तू गिरणीकडे धावू नकोस. रात्रीचे विरजण बहिणीकडे दे. थंडीत दूध जरा अधिक कोमट लागते, विरजणही थोडे जास्त लागते आणि पातेले उबेत गुंडाळून ठेवावे लागते. हे तिला एकदाच नीट दाखव. महिन्याने दोघांची कामे बदल. मी स्वतः मुलीला भाकरी शिकवली आणि मुलाला शिकवली नाही; तो नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा त्याच्या जेवणाची झालेली आबाळ मला अजून बोचते.

गोधड्या उन्हात घालणे, मटार सोलणे ही कामे तिघांनी मिळून करा, कारण शेजारी बसून काम करणाऱ्या माणसाला या वयाची मुले सहसा नाही म्हणत नाहीत.

एका बाबतीत मात्र सवलत देऊ नकोस. पाणी तापवण्याच्या रॉडचे बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय बादलीत कोणी हात घालायचा नाही, आणि बंद खोलीत शेगडी पेटवायची नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत तो जीव घेतो.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी वांगी, गाजर, पावटा आणि ओला हरभरा आणायला त्या दोघांनाच बाजारात पाठव. पावटा जून निघाला तरी परत पाठवू नकोस; भाजी शिजायला थोडा वेळ अधिक लागेल, इतकेच.

तुझी,
बाई