पहिली जुनी एमजीबी घेताय? आधी गंज बघा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा आवाज ऐकून हुरळून जाऊ नका. १७९८ सीसीचं ते इंजिन साधं आणि दणकट आहे, सुटे भागही मिळतात. खरा खर्च गंजात. एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. दारांखालचे सिल, म्हणजे पत्र्याचे लांब पोकळ पट्टे, कुजले की गाडीचा कणाच गेला. लोहचुंबक फिरवा, चिकटला नाही तर आत पुट्टी आहे. मग जॅकवर गाडी उचलून दार उघडा-मिटा. अडकलं तर बॉडी वाकतेय, विक्रेत्याला नमस्कार करून निघा! मी चकचकीत लाल रंगाला भुललो होतो, वेल्डिंगमध्येच खिसा रिकामा झाला.

कोणतं मॉडेल? १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये ही गाडी बनली, पाच लाखांहून जास्त. बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. तिथल्या नियमांपायीच १९७४च्या अखेरीस क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले, गाडीची उंचीही वाढली. वळणावर ती जास्त कलू लागली. लोक नाकं मुरडतात, पण रबरी बंपरवाली स्वस्त पडते. शिकायला तीच घ्या, असं माझं मत.

इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणाऱ्या दोन एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे वरच्या नळकांड्यात, तेल आहे का, तेवढं बघत जा. नसलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, आणि नवखा माणूस उगाच ठिणगी पाडणारं इग्निशन उघडून बसतो.