नव्या ईमेल हेडरच्या (मेलसोबत जाणाऱ्या 'नाव: माहिती' अशा ओळीच्या) नावाच्या सुरुवातीला 'एक्स-' लावायचं का?

नका लावू. 1982 च्या आरएफसी 822 मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) खासगी, प्रायोगिक हेडरसाठी 'एक्स-' राखून ठेवलं होतं. पण प्रयोग रुजला की घोळ सुरू: नाव बदलावं तर जुनी सॉफ्टवेअर अडतात, मग दोन्ही नावं वर्षानुवर्षं सांभाळत बसायचं. 2012 मध्ये आरएफसी 6648 ने नव्या नावांसाठी ही प्रथा मोडीत काढली, आणि ते योग्यच झालं.

नाव कामावरून द्या. 'लिस्ट-अनसबस्क्राइब' बघा, वाचताक्षणी कळतं. 2017 मध्ये एका क्लिकमध्ये मेलिंग लिस्टमधून बाहेर पडायची सोय आली तेव्हा 'लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट' हे नाव त्याच्या शेजारी सहज बसलं. अक्षरं फक्त आस्कीतली, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं. स्पेस आणि कोलन चालत नाही. ठरवण्याआधी आयानाची (इंटरनेटवरची अशी नावं आणि क्रमांक नोंदवणारी संस्था) हेडरनोंदणी जरूर चाळा, तेच नाव आधी कुणीतरी घेतलेलं असू शकतं.