सूर्यफुलाचा मधला भाग काढताना चाळणीसारखा का दिसतो?

निसर्गातल्या नक्षीवरून चित्रं काढायला घेतली, पण सूर्यफुलाचा मधला भाग दरवेळी चाळणीसारखा होतो, असं तुम्ही विचारलंय. माझंही बरेच दिवस हेच चाललं होतं. आपला हात ठिपक्यांच्या रांगोळीवर पोसलेला. सरळ ओळी नाहीतर गोल कडी, एवढंच त्याला ठाऊक. सूर्यफुलात दोन्ही नाहीत.

तिथला प्रत्येक ठिपका म्हणजे एक चिमुकलं फूल. नवीन कळीला आधीच्या कळ्यांमध्ये जिथे सगळ्यात मोकळी जागा सापडते, तिथे ती फुटते. त्यामुळे लागोपाठच्या दोन कळ्यांमध्ये साधारण १३७.५ अंशांचा कोन पडतो. हेल्मुट फोगेल या शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये याचं सोपं गणित मांडलं. ठिपक्याचा नंबर गुणिले १३७.५ हा कोन, आणि केंद्रापासूनचं अंतर नंबराच्या वर्गमुळाच्या पटीत. पट ५ मिमी धरली तर चौथा ठिपका १० मिमीवर, नववा १५ वर, शंभरावा ५० वर. दोनशे ठिपके ए-फोर कागदावर आरामात मावतात. कोन ३६० च्या वर गेला की ३६० वजा करत राहा. कोनमापक दरवेळी शून्याच्या रेषेवरच लावा, मागच्या ठिपक्यावर लावलात तर चूक साठत जाते.

त्या अर्ध्या अंशाचा मात्र कंटाळा करू नका. मी पहिल्यांदा सरळ १३७ धरला होता. साठ-सत्तर ठिपक्यांपर्यंत झकास, मग फटी पडायला लागल्या, आणि दोनशेला पोचलो तेव्हा कागदावर २१ फाट्यांची भिंगरी! अख्खा रविवार पाण्यात. १३७.५ धरून पुन्हा काढलं तेव्हा कडेला एकीकडे वळणाऱ्या २१ रेघा दिसल्या, उलट्या बाजूच्या ३४.

कागद नको वाटला तर बाजारातून अननस आणा आणि डोळ्यांच्या तिरक्या रांगांवर स्केचपेनने रेघा मारत जा. एका बाजूला बहुतेक ८ भरतील, दुसऱ्या बाजूला १३.

रंगवताना कडेपासून आत या. सूर्यफुलात कडेची फुलं आधी उमलतात, मधली शेवटी. त्यामुळे बाहेरचं कडं पिवळं, परागांनी भरलेलं, आणि मधल्या तीसेक ठिपक्यांना नुसता हिरवट हात दिलात तरी पुरे.