बाळाच्या त्वचेपर्यंत पोचतो तोच प्रकाश

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

नवजात बाळांच्या काविळीवर प्रकाशाने उपचार करणाऱ्या यंत्राचा, म्हणजे फोटोथेरपी युनिटचा, तुझा आराखडा नीट वाचला. किंमत तू मोठ्या कसोशीने खाली आणली आहेस, तो तक्ता पाहून मनापासून आनंद झाला. पण त्यात फक्त खरेदीची किंमत आहे. यंत्र खोक्यातून बाहेर आल्यानंतरच्या चार-पाच वर्षांचा खर्च कुठेच धरलेला नाही, आणि माझ्या मते स्वस्त-महाग तिथेच ठरतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरीब देशांतल्या रुग्णालयांमधली जवळपास 40 टक्के वैद्यकीय उपकरणं बंद असल्याचं आढळलं होतं. बंद पडलेलं यंत्र कितीही कमी पैशांत घेतलेलं असो, ते महागच.

काविळीचंच बघ. बाळाच्या रक्तात साचणाऱ्या पिवळ्या द्रव्याचं, म्हणजे बिलिरुबिनचं, रूप बदलून ते शरीराबाहेर जावं यासाठी निळा प्रकाश लागतो, साधारण 460 ते 490 नॅनोमीटरच्या पट्ट्यातला. कावीळ जास्त असेल तर दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरमागे निदान 30 मायक्रोवॅट पडायला हवेत, आणि तेही बाळाच्या त्वचेवर. तू दिलेले आकडे दिव्याजवळ मोजलेले आहेत.

आता भरलेल्या वॉर्डातली रात्रपाळी डोळ्यांसमोर आण. ट्यूब जुन्या झाल्यात. दिसायला लख्ख निळ्या, पण त्यांचा जोर केव्हाच ओसरलाय. मोजायला मीटर नाही. एक ट्यूब गेली तेव्हा तिच्या जागी हाताला लागली ती साधी पांढरी ट्यूब बसली. बाळाचे हातपाय गार लागले म्हणून कुणीतरी मायेने दुपटं घातलं, आणि प्रकाश त्या दुपट्यावरच अडला. शेजारच्या बाळासाठी दुसरा दिवा नाही, म्हणून एका दिव्याखाली दोघं, दोघंही कडेला सरकलेली. उपचार चालू आहेत अशी नोंद होते आणि बिलिरुबिन चढतच राहतं. ते मेंदूपर्यंत पोचलं तर झालेली इजा भरून येत नाही. यात नर्सला बोल लावू नकोस. एकटीने इतकी बाळं सांभाळताना ती सुचेल ती वाट काढते. ती वाट आधीच ओळखून आराखड्यात बंदोबस्त करणं हे तुझं काम.

‘डिझाइन दॅट मॅटर्स’ या संस्थेचं ‘फायरफ्लाय’ मला त्यासाठीच आवडतं. त्यातला पाळणा मुद्दाम एकाच बाळापुरता ठेवलाय, दुसरं बाळ ठेवायला जागाच नाही. एलईडीचा प्रकाश वरून आणि खालून, दोन्हीकडून येतो. सूचनांचा कागद भिंतीवर चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी भलं. तुझा पाळणा ऐसपैस आहे. तो लहान कर.

याच संस्थेने त्याआधी मोटारीच्या सुट्या भागांपासून ‘निओनर्चर’ नावाचा इन्क्युबेटर (बाळाला उबेत ठेवणारी पेटी) केला होता. हेडलाइटची ऊब, आणि गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक तर सगळीकडे सापडतो, ही कल्पना फार देखणी. नावही खूप झालं, पण तो उत्पादनापर्यंत पोचला नाही. म्हणून आत्ताच विचारून घे: हे यंत्र बनवणार कोण, विकत घेण्याचा निर्णय कुणाच्या हातात, आणि बिघडल्यावर फोन कुणाला करायचा? निर्णय घेणारा आणि वापरणारी नर्स बहुधा एकमेकांना भेटलेलीही नसतात.

वीज कमी-जास्त होणार हे धरूनच चाल. बाहेरचं प्लास्टिक ब्लीचने रोज पुसून पाहा, तडे जातात का ते कळेल. तुझ्या कंपनीखेरीज कुठे मिळत नाही असा एकही भाग ठेवू नकोस. पैसे वाचवायला सुरक्षेच्या चाचण्या गाळायच्या नाहीत. फोटोथेरपीसाठी आयईसी 60601-2-50 हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक आहे, ते पहिल्या दिवसापासून टेबलावर असू दे.

पुढे बाळाला ऊब देणारा वॉर्मर करायचा म्हणतेस, तर त्याआधी एक गोष्ट मनात पक्की कर. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला डॉ. एडगर रे सनाब्रिया यांच्याकडे इन्क्युबेटर पुरत नव्हते. त्यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. त्यालाच आपण कांगारू मदर केअर म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये मुदतीआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळांसाठी ही काळजी जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करा असं सांगितलं. आईपासून बाळाला दूर नेणारं यंत्र करण्याआधी ते खरंच हवंय का हे ठरव. आई शस्त्रक्रियेतून सावरत असेल, बाळाला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं असेल, तिथे वॉर्मर लागतोच. तेवढ्यासाठी कर, आणि उत्तम कर.

आराखड्याची पुढची आवृत्ती काढण्याआधी रीतसर परवानगी घेऊन एक पूर्ण रात्रपाळी वॉर्डात बस. प्रकाशाची तीव्रता मोजणारा रेडिओमीटर सोबत ने. नर्सच्या संमतीने, पाळण्यात बाळ जिथे निजतं तिथली तीव्रता मोज: मधोमध, चारही कोपऱ्यांत, आणि रिकाम्या पाळण्यात मीटरवर दुपटं टाकूनही. ते आकडे मला पाठव, मग दिव्यांची मांडणी आपण दोघं मिळून पुन्हा करू.

तुझा,
सर