गर्भ पडल्यापासून बायको बोलेनाशी झाली आहे. नागपुरात मदत कुठे मिळेल?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले नाहीत, क्युरेटिंग (गर्भपिशवी साफ) करावं लागलं, त्याला महिना झाला. बायको आठवड्याभरात कामावर गेली. घरात गरजेपुरतं बोलते आणि शेजारचं बाळ रडलं की उठून आतल्या खोलीत जाते. आई म्हणतात, दुसरं राहिलं की विसरेल. पुढच्या महिन्यात चुलत वहिनीचं डोहाळजेवण आहे, तिथे न्यावं का? कौन्सेलिंग लागतं का, नागपुरात कुठे मिळतं? आणि अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंत, "मलाही रात्री तीनला जाग येते, पण माझं ठीक आहे."

ठीक नाही आहे, भाऊ. मी तिथूनच सुरुवात करते.

माझी सगळी नोकरी नागपुरात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून गेली. अशी पेशंट आली की नवरा काय करतो हे इतक्यांदा पाहिलंय की तोंडपाठ झालं. औषधाची चिठ्ठी घेऊन खाली पळतो, काउंटरवर पैसे भरतो, रक्तगटाचा कागद शोधतो, सासरी-माहेरी फोनवर तेच तेच सांगतो. पलीकडून एकच प्रश्न, "ती कशी आहे?" एक-दोन दिवसांत गडी ड्युटीवर. तू कसा आहेस, हे त्याला कोणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

यातून पुढे एक भलताच घोळ होतो. नवऱ्याला वाटतं, मी रडलो तर ती आणखी खचेल, म्हणून तो कोरडा राहतो. बायकोला तो कोरडेपणाच दिसतो आणि ती धरून बसते की याला काही वाटलंच नाही. दोघंही एकमेकांना जपायला गप्प, आणि घरात महिनोन्‌महिने फक्त "भाजी काय करू" एवढंच. म्हणून पहिलं काम डॉक्टरांचं नाही, तुमचं. एकदा तिला मोकळं सांगा, "मलाही ते बाळ हवं होतं. मला रात्री झोप येत नाही." बस. त्यापुढे "पण आता आपण सावरायला हवं" हे शेपूट जोडू नका, त्याने आधीचं सगळं पुसलं जातं. समोरासमोर बसून जमत नसेल तर संध्याकाळी गाडीवर अंबाझरी तलावाकडे घेऊन जा. शेजारी शेजारी चालताना माणूस जास्त बोलतो. ती काहीच बोलली नाही तरी चालेल, तिने ऐकलेलं असतं.

आता ती मनात काय हिशोब मांडत असेल, ते सांगते. स्कुटीवर गेले तो खड्डा. पाण्याची बादली उचलली. पपईची फोड खाल्ली. उपास धरला. नवऱ्याशी भांडले. जवळपास प्रत्येक बाईने मला असं काहीतरी कानात सांगितलंय, बहुतेक वेळा नवरा बाहेर गेल्यावर. खरं कारण वेगळं असतं. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टिकत नाहीत, त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात, आणि इतक्या लवकर गेलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांमध्ये गुणसूत्रांचीच गडबड असते. बीज आणि शुक्राणू एकत्र आले तेव्हाच ते ठरलेलं असतं. खड्ड्याने किंवा बादलीने ते होत नाही.

पण हे तुम्ही सांगून तिला पटणार नाही. फॉलोअपला जाल तेव्हा तुमच्या आईंना सोबत न्या, आणि डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारा, "हिच्या हातून काही चुकलं का?" उत्तर दोघींनी एकाच वेळी, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. घरातली निम्मी कुजबुज तिथे थांबते. वाईट हेतूने कोणी बोलत नाही, पण "मी तेव्हाच म्हटलं होतं, गाडी चालवू नको" हे वाक्य सुनेच्या आयुष्यभर लक्षात राहतं.

"दुसरं राहिलं की विसरेल" याबद्दल माझं मत कडक आहे. मूल हे औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली किमान सहा महिने थांबायला सुचवलं होतं. नंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस राहिले म्हणून नुकसान दिसलं नाही. तेव्हा शरीराचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्या तपासून सांगतील. मनाची तारीख मात्र सासूने ठरवायची नसते. धास्तावलेल्या बाईला पुन्हा दिवस राहिले की प्रत्येक वेळी बाथरूमला जाताना तिचा जीव मुठीत येतो, आणि ते नऊ महिने तिलाच काढायचे असतात.

कौन्सेलिंग लागतं का? प्रत्येकीला नाही. पुष्कळजणी आपल्या माणसांच्या आधाराने हळूहळू सावरतात. पण ज्यांना लागतं त्या थोड्या नाहीत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या अभ्यासात, तो २०२० साली छापून आला, लवकरच्या आठवड्यांत गर्भ गमावलेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांमध्ये महिन्याभराने मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणं होती: तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणं, दचकणं, त्या गोष्टींची आठवण देणारं सगळं टाळणं. नऊ महिन्यांनीही १८ टक्क्यांमध्ये ती होती. जोडीदारांमध्ये प्रमाण बरंच कमी निघालं, पण निघालं.

शेजारच्या बाळाच्या रडण्याने ती आत जाते, ते याच्याशी जुळतं. आमच्या वॉर्डात खाटा कमी, त्यामुळे क्युरेटिंग झालेली बाई आणि ओली बाळंतीण शेजारी शेजारी. एकीकडे लेकराचं ट्याहां, काजळ, पाहुण्यांचे डबे. दुसरीकडे ही भिंतीकडे तोंड करून. पदर कानावर घट्ट ओढून झोपलेल्या बायका मी पाहिल्यात. तुमच्या मिसेसच्या वाट्यालाही असंच काही आलं असेल, एकदा विचारून पाहा.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण तुटलंय, कशातच रस नाही, रोज अपराधी वाटतं, असं असेल तर वाट पाहू नका, दाखवाच. आणि "मी नसते तर बरं" अशा अर्थाचं काही तोंडून निघालं तर त्याच दिवशी. हा निकष तुम्हालाही लागू.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं, तिन्हीकडे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, खर्च नावापुरता. खाजगीत जायचं तर धंतोली-रामदासपेठेत मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक दोन्ही मिळतात. घराबाहेर पडायचीच तयारी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. रात्री तीनला जाग आली की तुम्ही स्वतः लावून पाहा. ती मग तिच्या वेळेने लावेल.

आईंची पहिली प्रतिक्रिया मी आत्ताच सांगते: "ते का पागल आहे काय?" आपल्या गावात मानसोपचार म्हटलं की लोकांना थेट पागलखाना चौकच आठवतो. वाद घालू नका. झोप लागत नाही, त्याचे डॉक्टर, एवढं सांगितलं तरी पुरे, आणि ते खोटंही नाही. पहिल्या भेटीला दोघं जा. डॉक्टर झोप, भूक, काय आठवतं, घरात कोण काय बोलतं हे विचारतात. कित्येकदा बोलण्याच्या काही भेटींत भागतं. गोळी दिलीच तर पुढे मूल हवंय हे आधी सांगा, त्या हिशोबाने गोळी निवडता येते. ती मनाने बंद करू नका, आणि झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणूही नका.

रजेचं नोकरीवाल्या बाकी बायकांसाठी लिहिते, कारण हे फार कमी जणींना ठाऊक असतं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भ पडल्यानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा होती, आणि त्यातून आजारपण उद्भवलं तर दाखल्यावर आणखी महिन्याभरापर्यंत. त्याच्या जागी २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती सहा आठवड्यांची रजा आहेच. मिहान, बुटीबोरी, हिंगण्याच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी एचआरकडे मागावी, संकोच करू नये. नवऱ्याला मात्र अशी रजा कायद्यात नाही, हे मला पटत नाही.

दोन बारीक कामं तुम्ही करून टाका. तिच्या मोबाइलमध्ये गरोदरपणाचं ॲप असेल तर तिला विचारून काढा, नाहीतर ते "आज तुमचं बाळ लिंबाएवढं झालं" असं दर आठवड्याला सांगत राहतं. आणि सोनोग्राफीची फिल्म फाइलमध्ये असेल तर तिचा मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवा. तो कागद थर्मल असतो, उन्हाने-उकाड्याने उडून जातो, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. ती फिल्म पाहायची की नाही ते तिचं तिने ठरवावं, पण फेकू कोणालाच देऊ नका. "डोळ्यांसमोरून हटवलं की विसरते" म्हणून फाइल जाळलेली मी ऐकली आहे. त्या बाईने ते कधीच माफ केलं नाही.

राहिलं डोहाळजेवण. नेऊ नका. तिला "तुला काय वाटतं?" असं विचारून तिच्यावर ढकलूही नका, ती सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून हो म्हणेल आणि मग बायका ओटी भरताना तिला वगळायचं की नाही यावर कुजबुजतील. तुम्ही स्वतः वहिनींना आजच फोन करा, तुमच्या आईंमार्फत नको. म्हणा, "वहिनी, ती या वेळी येणार नाही, तुमच्यावर राग नाही, तिला झेपणार नाही. मी साडी घेऊन एकटा येऊन जातो." बहुतेक बायकांना हे लगेच समजतं. आणि त्या दिवशी संध्याकाळी घरी लवकर या.