शब्द रिव्हर्बमध्ये बुडवू नकोस

प्रिय मुली,

तू पाठवलेली गाणी हेडफोन लावून, दिवे मालवून ऐकली. आवाज तुझा आहे, शब्द तुझे आहेत, आणि मराठीत अशा संधिप्रकाशातल्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांना जागा आहे याबद्दल मला जराही शंका नाही. खटकलं एवढंच की प्रत्येक गाण्यावर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीचं रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा तो परिणाम, चढवलं आहेस. खाली सिंथेसायझरचा ड्रोन, म्हणजे सलग धरलेला एकच स्वर, अखंड घुमतो आणि शब्द त्यात विरघळून जातात. दुःख ऐकू येतं, पण कोणाचं आणि कशाचं ते कळत नाही.

म्हणून एक काम देते. आइसलँडची गायिका आणि संगीतकार ब्यॉर्क हिचा २०१५ सालचा ‘वल्निक्युरा’ हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता ऐक. मार्चमध्ये यायचा होता, पण आधीच इंटरनेटवर फुटला, म्हणून जानेवारीतच घाईने प्रसिद्ध करावा लागला. विषय आहे तिचं मोडलेलं नातं. पहिल्या सहा गाण्यांखाली अल्बमच्या पुस्तिकेत काळ नोंदवला आहे: नऊ महिने आधी, पाच महिने आधी, असं करत शेवटी अकरा महिने नंतर. गाणी ज्या क्रमाने आयुष्यात आली, त्याच क्रमाने तिने ती ठेवली. तुझ्या यादीत सर्वांत आकर्षक गाणं पहिलं आणि त्यामागे बाकीची, असं झालं आहे. तू ती कोणत्या क्रमाने लिहिलीस ते आठव आणि एकदा तशी लावून बघ.

‘ब्लॅक लेक’ या दहा मिनिटांच्या गाण्यावर मात्र रेंगाळ. दोन कडव्यांच्या मध्ये तंतुवाद्यांचा एकच स्वरसमूह लांबवर धरून ठेवला आहे. ना ताल, ना शब्द. बोलायला सुरुवात करावी, चार शब्द फुटावेत आणि पुढे काहीच निघू नये, ती अवस्था त्या थांबलेल्या स्वरांत आहे, असं तिने सांगितलं आहे. तू तानपुऱ्यावर वाढलेली मुलगी. आपल्याकडे आधारस्वर गाण्याखाली सतत वाहतो, गाणारा थांबला तरी तो थांबत नाही, आणि म्हणून तो धीर देतो. इथे आवाज थांबला की मगच तो स्वर पुढे येतो आणि ऐकणाऱ्याला एकटं पाडतो. तुझा ड्रोन सध्या धीरही देत नाही आणि एकटंही पाडत नाही. त्याने काय करायचं ते तू ठरवलेलंच नाहीस.

तिचा आवाज बघ किती जवळ ठेवला आहे. श्वास कळतात. अल्बमचं मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांचा समतोल जुळवण्याचं काम, हॅक्सन क्लोक या नावाने काळोखं, गडद संगीत करणाऱ्या बॉबी क्रलिकने केलं, ‘फॅमिली’ या गाण्याच्या निर्मितीतही त्याचा हात आहे. ते जड ठोके ऐकून तुझ्यासारख्या कुणालाही तसंच काहीतरी करावंसं वाटेल, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने यातली गाणी बीटशिवाय, फक्त तंतुवाद्यांवर पुन्हा प्रसिद्ध केली. सगळी यंत्रं काढून घेतली तरी गाणी उभी राहिली. तुझी गाणी पेटीवर गाऊन बघ. दोन तरतील असं मला वाटतं, बाकीच्यांच्या चालीवर अजून काम हवं.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागते. वल्निक्युराची तंतुवाद्यांची रचना ब्यॉर्कने स्वतः केली. मग व्हेनेझुएलाची तरुण निर्माती आर्का सोबत आली आणि बहुतेक गाणी दोघींनी मिळून घडवली. तरी बातम्यांत सगळं आर्कानेच केल्यासारखं छापून आलं. तेव्हा एका मुलाखतीत ब्यॉर्कने २००१ च्या ‘व्हेस्परटाईन’ची गोष्ट सांगितली. त्यातल्या बीट्सवर ती तीन वर्षं खपली, बहुतांश तिनेच केल्या, मॅटमॉस ही इलेक्ट्रॉनिक संगीतकारांची जोडी अगदी शेवटी आली, आणि श्रेय सगळीकडे त्यांच्या नावावर गेलं. अमेरिकन रॅपर मिसी एलियट हिचा मिक्सिंग डेस्कपाशी बसलेला फोटो पाहून आपल्याला काय उमगलं, तेही ती त्यात बोलली. बाई यंत्रापाशी बसलेली दिसली नाही, तर ती फक्त गायली असं लोक धरून चालतात.

तू लवकरच त्या मोठ्या स्टुडिओत जाणार आहेस. जाण्याआधी प्रत्येक गाण्याच्या प्रोजेक्ट फाइल तारखेनिशी वेगळ्या जप. शब्द कोणाचे, चाल कोणाची, बीट कोणी बांधली, हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे. मैत्री असली तरी घे. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गाणी वाजली की मिळणारी रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने रॉयल्टीतला तुझा वाटा असा राखला आहे की तो तुला सोडूनही देता येत नाही, त्यामुळे कोणी करारात तसं कलम घातलं तर माझ्याकडे पाठव.

आणि पुढच्या वेळी दोन प्रती दे: एक जशी आहे तशी, दुसरी रिव्हर्ब पूर्ण बंद करून. मी दुसरी आधी ऐकेन.

तुझी,
ताई