गावाकडून गाडीने परत येताना सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो?

मी दरवर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी औशाहून पुण्याला निघतो. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. तुम्ही रस्त्यातल्या कटकटी विचारल्यात, पण माझी पहिली कटकट गाडी चालू व्हायच्या आधीच होते.

सकाळी सातला निघायचं ठरलेलं असतं. सातला आई म्हणते, "दोन मिनिटं थांब, धपाटे लावते." मग डिकी. ज्वारीचं अर्धं पोतं, तुरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी, खारोड्या, आणि फडक्यानं तोंड बांधलेली लोणच्याची बरणी. (फडकं कितीही घट्ट बांधा, बार्शी येईपर्यंत तेल बाहेर आलेलंच असतं.) "पुण्यात मिळतं गं सगळं" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "विकतचं काय खाताव रे!" तेवढ्यात शेजारच्या काकू चहाला बोलावतात, त्या बायकोची ओटीही भरतात. मग बाराच वाजतात, तर आता जेवूनच निघा. गाडी हलते तेव्हा दोन झालेले असतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुरूड सोडलं आणि मागून आवाज सुरू झाला. गाडी वळली की घर्रर्र, स्पीडब्रेकरवर ठक्. सस्पेन्शन गेलं असणार, मी मनातल्या मनात दहा हजारांचा हिशोब करून टाकला. पोरांना गप्प बसवलं, काच खाली करून कान लावला, येडशीला उतरून चाकांवर लाथाही मारून बघितल्या. बार्शीत एका गॅरेजवर थांबलो. पोरगा गाडीखाली शिरला, बाहेर आला, मग एक चक्कर मारून आणली आणि डिकी उघडली. पोत्यामागून ओटीचा नारळ काढून माझ्या हातात दिला. "गाडीला काय बी झालं नाही साहेब. ह्यो तेवढा फोडा." पैसे घेतले नाहीत. बायको पुढचे वीस किलोमीटर हसत होती.

उशिरा निघाल्याची खरी वसुली कुर्डुवाडीच्या पुढे होते. अंधार पडलेला, कारखान्यांचा हंगाम नुकताच सुरू झालेला, आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर. मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. अगदी जवळ गेल्यावर कळतं की समोर रस्ता नाही, ऊस आहे. हॉर्न वाजवून उपयोग नाही, कारण ड्रायव्हरनं गाणी एवढ्या जोरात लावलेली असतात की आपल्यालाच ऐकू येतात. ओव्हरटेक करावा म्हणून जरा बाहेर काढली की समोरून तसाच दुसरा येतो. मी आता ओव्हरटेक करतच नाही. टेंभुर्णीला सोलापूर-पुणे हायवे लागेपर्यंत मागे-मागे जातो आणि गाणी ऐकतो.

हायवेवरच्या तक्रारी त्यामानाने किरकोळ. फास्टॅगमध्ये पैसे असून एका नाक्यावर मशीनला तो दिसत नाही, मग मागचे सगळे आपल्याच नावाने हॉर्न वाजवतात. भिगवणला मासे खायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी "आधी डब्यातले धपाटे संपवा" असा मागच्या सीटवरून हुकूम येतो. हडपसरच्या ट्रॅफिकबद्दल काही लिहीत नाही, पुणेकरांना माहीत आहे.

उपाय विचाराल तर एकच, पहाटे चारला निघा. चहा नाही, काकू नाहीत, उजेडात टेंभुर्णी पार. मागच्या दिवाळीला मी आईला आदल्या दिवशीच तसं बजावून ठेवलं होतं. ती लगेच तयार झाली. म्हणाली, "बरंय की, मग रात्रीच निवांत भरून ठेवते." पहाटे डिकी उघडून बघितली तर ज्वारीचं पोतं अर्धं नव्हतं, अख्खं होतं.